सिस्टर, गावी केंद्र काढताय? कोकणातल्या वाडीसाठी पायरी-पायरीने

मुंबईच्या रुग्णालयात सव्वीस वर्षं परिचारिकेची ड्युटी करून मी देवगड तालुक्यातल्या सासरच्या गावी परतले आणि आल्या आल्या पडवीत टेबल मांडलं. वर बीपीचं मशीन, बाजूला वजनकाटा, भिंतीवर 'कुटुंब केंद्र' असा कागद, म्हणजे आई, मुलं, म्हातारी माणसं अशा सगळ्या घराने यायची जागा. महिन्याभरात रोज पंधरा-वीस माणसं यायला लागली. मला वाटलं, जमलं. चौथ्या महिन्यात वही उघडून बघितली तर आलेली बहुतेक साठीच्या पुढची आणि सगळी बीपी मोजायला आलेली. त्यातली कितीतरी जणं डॉक्टरकडची फेरी चुकवून 'सिस्टर बघतत मा' म्हणून स्वस्थ होती. लहान मूल एक नाही, घरातली सून एक नाही. केंद्र म्हणता म्हणता मी बिनपरवान्याचा अर्धा दवाखाना काढून बसले होते.

मशीन कपाटात गेलं आणि पहिल्यापासून सुरुवात झाली. ती दुसरी सुरुवात इथे लिहिते आहे. निवृत्तीला आलेल्या किंवा नोकरी सोडून गावी येणाऱ्या परिचारिकांनी माझ्या पहिल्या चार महिन्यांची पुनरावृत्ती करू नये, एवढ्यासाठी.

पहिली पायरी: दिवाळी ते महाशिवरात्र नुसतं फिरायचं

केंद्र लगेच उघडू नका. कोकणातलं गाव एका जागी नसतं. दहा-बारा वाड्या, मध्ये सडा, खाली व्हाळ, पलीकडे खाडीच्या काठाला कोळी-गाबितांची वस्ती. एका आशाताईकडे साधारण हजार लोकसंख्या असते; सपाटीवर ते काम जमतं, पण आमच्याकडे त्या हजारांसाठी तिला तीन टेकड्या चढाव्या लागतात. म्हणून घरोघर जायचं आणि त्यासाठी भातकापणी उरकल्यावरचे महिने बरे. शिमग्यानंतर काजू सुरू होतो, मग आंबा, मग चाकरमानी येतात आणि कोणाला उसंत नसते.

फिरायला निघण्याआधी आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या घरी जाऊन बसा. त्यांना विचारल्याशिवाय वही उघडलीत तर त्यांना वाटणार, ही मोठ्या रुग्णालयातली बाई आता आमच्यावर देखरेख करणार. मी हे केलं नव्हतं. पुढे वर्षभर एक सेविका माझ्याशी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होती आणि चूक माझीच होती. आपण त्यांच्या कामाला जोडकाम करणार आहोत, हे तोंडाने सांगावं लागतं.

वहीत घरटी एक पान. त्यावर एवढंच: घरात कोण राहतं, मुंबई-पुण्याला कोण असतं आणि त्याचा फोन नंबर, गरोदर बाई असेल तर बाळंतपणाची तारीख, सहा वर्षांखालची मुलं, रोजची औषधं कोणाला चालू आहेत, पाणी कुठल्या विहिरीचं, आणि पावसाळ्यात त्या घराची वाट तुटते का. शेवटचा प्रश्न शहरातून आलेल्याला सुचत नाही. आमच्याकडे एका वाडीचा साकव पाण्याखाली गेला की तिकडे जायला दुसरा रस्ता नाही.

दोन गोष्टी सांभाळा. माहिती का घेतोय ते सांगून, 'नको' म्हणायची मोकळीक देऊन घ्यायची. आणि वही कुलपात. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या लेकाला काय झालं, हे वाण्याच्या दुकानात आपल्या नावाने ऐकू आलं तर केंद्र उघडण्याआधीच बंद झालं असं समजा.

वेळही बघा. मच्छी विकणाऱ्या बायका सकाळी बाजारात असतात, दुपारी तीननंतर भेटतात. शेतातल्या बायका उन्हं डोक्यावर आली की घरी. म्हातारी माणसं कधीही. पण आजीकडे गेलात तर तासभर काढूनच जा, कारण घटकाभरात उठून निघालेल्या माणसाला ती खरं दुखणं सांगत नाही.

दुसरी पायरी: जागा

इथे मी तीनदा ठेचकाळले, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वतःच्या पडवीत केंद्र काढू नका. पडवी आपल्या भावकीची असते. आपल्या घराचं ज्यांच्याशी बांधावरून वाकडं आहे, ती माणसं मेली तरी पायरी चढत नाहीत. देवळाचा सभामंडप प्रशस्त असतो, फुकट मिळतो आणि गाऱ्हाणं घालून सुरुवातही छान होते. पण मुसलमान मोहल्ल्यातली बाई तिथे तान्हं घेऊन येईल का? बौद्धवाडीतली? पाळी चालू असलेली मुलगी? यांच्यातली एक जरी बाहेर राहणार असेल तर ती जागा आपल्या कामाची नाही. मानकऱ्यांना न दुखावता हे सांगता येतं. मी म्हटलं, "लहान पोरं येणार, मंडपात शी-शू होईल, देवाच्या जागी ते बरं दिसणार नाही." खोटं नव्हतं.

कुणाचा रिकामा मांगर किंवा बंद घर मिळत असेल तर आधी सातबारा आणि घरपत्रक बघा. कोकणातल्या घराला दहा-पंधरा वारस असतात. सात मुंबईत, एक बडोद्याला, दोघांशी बोलणं नाही. गावातला काका "वापरा गे बाय" म्हणतो आणि गणपतीत आलेला पुतण्या "कोणाला विचारून?" म्हणतो. माझं सामान एकदा भर चतुर्थीच्या आदल्या दिवशी खळ्यात येऊन पडलं आहे. लेखी संमती सगळ्यांची मिळणार नसेल तर तो नाद सोडावा.

सगळ्यात बरी जागा सार्वजनिक: ग्रामपंचायतीचं समाजमंदिर, जुनं वाचनालय, पट कमी झाल्यामुळे बंद पडलेली शाळाखोली. शाळाखोली जिल्हा परिषदेची असते, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या ठरावाबरोबर पंचायत समितीकडूनही लेखी परवानगी लागते. ठरावासाठी ग्रामसभा गाठा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास त्या होतात. अर्ज आधी ग्रामसेवकाकडे द्या, नुसतं सभेत उठून बोललात तर ते इतिवृत्तात जात नाही.

खोली ताब्यात घेताना परिचारिकेच्या नजरेने बघा. पायरी किती उंच आहे? गुडघे गेलेल्या माणसाला आधाराला धरायला काय आहे? संडास आहे का आणि त्यात पाणी येतं का? कौलं मे महिन्यात परतून घेतली का? आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या कागदपत्रांचा जुलैत लगदा होतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, विटांवर.

तिसरी पायरी: कागद, पण वेळेवर

पहिलं वर्ष नोंदणीशिवाय काढलंत तरी बिघडत नाही, फक्त पैसे गोळा करू नका. देणगी घ्यायची वेळ आली की संस्था नोंदवा: संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सात सभासद लागतात आणि आपल्या राज्यात त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालीही नोंद होते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयातून होतात. सातांमध्ये एकाच घरातले दोघे नकोत, निम्म्या तरी बायका हव्यात आणि एक तरी माणूस हिशेबाला कडू हवा. बँक खात्यावर दोघांच्या सह्या. वर्षाचं लेखापरीक्षण पहिल्या वर्षापासून. बस, कागदांना याहून जास्त जागा देत नाही.

चौथी पायरी: हात कुठे आवरायचा

"सिस्टर, एक इंजेक्शन मारा मा, आंग दुखता." ही मागणी पहिल्या दिवशी येते आणि शेवटपर्यंत येत राहते. डॉक्टरच्या आदेशाने औषध देणं हे आपलं काम. रोग ठरवून स्वतः औषध देण्याची परवानगी आपल्याला नाही, मग अनुभव सव्वीस वर्षांचा असो की चाळीस. इंजेक्शन, सलाईन, प्रतिजैविकं, 'जुन्या चिठ्ठीवरची गोळी' यातलं काहीच केंद्रात नको. एकदा दिलंत की ज्याला दिलं नाही तो दुखावतो, आणि ज्याला दिलं त्याचं काही बरंवाईट झालं तर गाव आपल्याला ओळखत नाही.

मग ठेवायचं काय? थर्मामीटर, मनगटी नव्हे तर दंडाचं बीपी मशीन, वजनकाटा, दंडघेर मोजायची पट्टी, ओआरएस, मलमपट्टीचं सामान. ग्लुकोमीटर ठेवलात तर सुया टाकायला जाड, टोचणार नाही असा डबा हवा आणि तो भरला की आरोग्य केंद्रात द्यायची सोय आधी बोलून ठेवायला हवी. कचऱ्याच्या ढिगात सुई गेली तर ती कुणाच्या पायात जाईल सांगता येत नाही.

बीपी आता आठवड्यात एकच दिवस मोजते. माणूस पाच मिनिटं गप्प बसलेला, पाठ टेकलेली, हात छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा नाही आणि मशेरी नाही. हे मशेरीचं आवर्जून विचारा. कोकणातल्या कितीतरी बायका दात घासायला म्हणून ती दिवसातून चार वेळा लावतात आणि तंबाखू खाता का विचारलं तर "छे!" म्हणतात. दोन वेळा मोजून दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहायचे आणि माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं. गरोदर बाईचं 140/90 किंवा वर आलं तर त्याच दिवशी पाठवायचं, उद्या नाही. डोकं दुखतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं ती म्हणाली तर लगेच, 108 ला फोन करून.

आपली खरी करामत त्या चिठ्ठीत आहे. वॉर्डात ड्युटी संपताना आपण पुढच्या सिस्टरला जशी ओव्हर (रुग्णांची माहिती) देतो तशीच ती लिहायची: कधी सुरू झालं, काय दिसलं, आकडे काय, आधीची औषधं कोणती. आरोग्य केंद्रातले डॉक्टर नवीन असतील तर अशी चिठ्ठी वाचून त्यांची निम्मी विचारपूस वाचते. चिठ्ठीवर औषधाचं नाव एकही नसतं.

आपल्या किनाऱ्यावर काही दुखणी अशी आहेत की ती सगळ्या वाडीला पाठ हवीत. मी ती भजनाच्या चालीवर म्हणून घेतली होती; चाल फसली, पण माहिती राहिली.

साप. विषारी चार मुख्य: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आमच्या जांभ्या दगडांच्या गडग्यांत फुरसं भरपूर. चावल्यावर माणसाला चालवायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढायची, कारण सूज आल्यावर निघत नाहीत. हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर करायचा. दोरीने आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, साप शोधत बसायचं नाही. चावल्याची वेळ लिहायची आणि निघायचं. प्रतिसर्पविष या चारही सापांवर एकच असतं, त्यामुळे साप ओळखता आला नाही म्हणून उपचार अडत नाही. मण्यारीबद्दल वेगळं सांगा: ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि जखम दुखतही नाही. पहाटे कुणाच्या पोटात कळा येताहेत, पापण्या जड झाल्यात, बोलणं अडखळतंय असं दिसलं तर 'रात्रीचं जेवण बाधलं' म्हणून ओवा देत बसू नका. "देवाकडे एकदा बघून येतो" म्हणणाऱ्याला मी अडवत नाही. आधी रुग्णालय, मग देव, आणि देवाला नारळ मी देते, असं सांगते. अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

लाल विंचू. लहान मुलाला चावला आणि ते घामाने डबडबलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर एक मिनिट थांबायचं नाही, हृदयावर परिणाम होत असतो. यावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणातली किती मुलं वाचवली हे जगाने वाचलं आहे. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध देणं डॉक्टरचं काम. आपण वेळेत पोचवायचं.

पावसातला ताप. लावणीच्या दिवसांत ताप आलेल्याला पहिला प्रश्न 'चिखलात उतरला होतात का?' पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, लघवी कमी, डोळे पिवळे यातलं काही असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) संशय घेऊन त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवा. चार दिवस तापाची गोळी खाऊन वाट बघणं इथे महागात पडतं. पायाला चीर असेल तर ती झाकून शेतात उतरा, असं सांगता येतं. लावणीला गमबूट घाला, असं सांगू नका, हसतील. गुडघाभर चिखलात गमबूट रुतून बसतो. प्रतिबंधाच्या गोळ्या आरोग्य खातं ज्यांना देतं त्यांनी त्या घेतल्या का, एवढं आपण विचारायचं.

माकडताप. सिंधुदुर्गात 2016 साली दोडामार्ग भागात त्याची मोठी साथ आली. जानेवारीपासून पावसापर्यंत, काजूच्या दिवसांत, गोचिडींमार्फत. मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. बागेत जाणाऱ्यांनी आरोग्य खात्याकडून मिळणारं, गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल हातापायांना लावायचं आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ.

आणि जुलाब. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्याला. लोक ते पेल्यात ओततात, कारण पाकीट लहान दिसतं. केंद्रात एक लिटरची रिकामी बाटली ठेवा आणि प्रत्येक आईकडून एकदा करून घ्या. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. मुलाला चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्यायच्या असतात. त्या आशाताईकडे मिळतात आणि जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायच्या नसतात.

पाचवी पायरी: आठवडा बसवणं

केंद्र रोज उघडं ठेवायचा हट्ट नको. आमचे तीन दिवस आहेत. मंगळवारी दुपारी तीन ते पाच आई आणि लहान मुलं. गुरुवारी सकाळी म्हातारी माणसं, बीपी त्याच दिवशी. शनिवारी संध्याकाळी शाळेतली पोरं अभ्यासाला, आणि त्यांच्यामागे त्यांच्या आया येतात.

मंगळवारी मी काही शिकवत नाही. चटई, खेळणी, चहा. बायका आपसात बोलतात, मी मुलांचे दंड मोजते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर ते मूल अतितीव्र कुपोषणात मोडतं, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. आकडा आईला तिथे सगळ्यांसमोर सांगायचा नाही. सेविकेला कळवायचा आणि दोघींनी मिळून घरी जायचं. पहिले सहा-सात मंगळवार दोनच बायका आल्या, हे लिहून ठेवते, कारण तिसऱ्या मंगळवारी मी बंद करणार होते.

गुरुवार हा खरं तर कागदांचा दिवस आहे. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे थांबले, हयातीचा दाखला राहिला, अंगठा उमटत नाही म्हणून आधार जुळत नाही. म्हातारपणातली निम्मी चिंता ही असते. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी, ऑक्टोबर 2024 पासून. शनिवारी येणारी दहावी-अकरावीची पोरं गुरुवारी तासभर फोन घेऊन बसतात आणि हे भरून देतात. आजी त्यांना काजूगर देतात. ओटीपी मात्र पोरांनी विचारायचा नाही, आजीने स्वतः वाचून दाखवायचा आणि ती सांगेल तेव्हाच भरायचा, हा नियम भिंतीवर लिहिलेला आहे.

सहावी पायरी: मे महिन्यातली तयारी

जून-जुलैत मासेमारी बंद, शेतात लावणी, वीज जाते, फोन जातो. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घरांची छपरं उडवली; पुढच्या मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्यावरून गेलं. तेव्हापासून मे महिन्याची यादी ठरलेली आहे.

जूननंतर दिवस भरणाऱ्या बायकांची नावं काढायची आणि ज्यांची वाट तुटते त्यांनी तारखेच्या दहा-बारा दिवस आधी कुठे राहायचं ते घरच्यांबरोबर आताच ठरवायचं. रोजची औषधं चालू असणाऱ्यांनी महिनाभराचा साठा करायचा. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एक शेजारघर जोडून द्यायचं. सकाळी त्या घराचं दार उघडलं की नाही एवढंच शेजाऱ्याने बघायचं. क्रिकेट मंडळाच्या पोरांना टॉर्च, दोर आणि खुर्चीची डोली कशी करायची ते शिकवायचं. वर्षभर ही पोरं केंद्राकडे फिरकत नाहीत, पण पाऊस सुरू झाला की तीच पुढे असतात.

विहिरी शुद्ध करण्याचं काम ग्रामपंचायतीचं, पण लांबच्या वाडीत कोणी पोचत नाही, म्हणून हिशेब शिकून ठेवा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजायचा, त्याला व्यासानेच गुणायचं, मग पाण्याच्या खोलीने, मग 785 ने. आलं ते लिटर. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर 14,130 लिटर. चांगल्या प्रतीचं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे साधारण 70 ग्रॅम. बादलीत कालवून निवळू द्यायचं, वरची निवळी घागरीने पाण्यात खोल सोडायची, गाळ टाकून द्यायचा, आणि तासभर कोणी पाणी भरायचं नाही. टीसीएलची पिशवी उघडी राहिली की त्याची ताकद उडून जाते. मागच्या वर्षीची अर्धी पिशवी वापरू नका, अगदी ग्रामपंचायतीने प्रेमाने दिली तरी.

सातवी पायरी: पैसा

जवळजवळ प्रत्येक वाडीचं मुंबईला मंडळ असतं आणि गणपतीत त्याची सभा होते. तिथे केंद्रासाठी पैसे मागितले की उत्साहाने इमारत निघते, कारण इमारतीला नावाची पाटी लागते. इमारत नको म्हणा. वीजबिल, चहा-साखर, मदतनीस बाईचं मानधन, बीपी मशीनचे सेल असा बारा महिन्यांचा खर्च कागदावर मांडून एकेका कुटुंबाला एकेक महिना घ्यायला सांगा. आमच्याकडे आता वडिलांच्या वर्षश्राद्धाचा महिना उचलायची पद्धत पडली आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के हिस्सा महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कुठे गेला हे ग्रामसभेत नम्रपणे विचारावं. नम्रपणे, पण दरवर्षी. रोख हातात घ्यायची नाही आणि महिन्याचा जमाखर्च दारावर लावायचा, दिवाळीच्या पणतीच्या हिशेबासकट.

आठवी पायरी: दार लावून बोलायच्या गोष्टी

चटईवर बायका बोलायला लागल्या की कधीतरी एक जण सगळ्या गेल्यावर मागे राहते. हातावरच्या वळाचं कारण 'मी विहिरीवर पडले' असं सांगते. तेव्हा चौकशी करायची नाही, नवऱ्याला बोलावून समेट घडवायचा तर मुळीच नाही. गावकीत ते प्रकरण गेलं की बहुतेकदा तिलाच गप्प बसवतात. तिला एवढं सांगायचं की 181 वर बायकांसाठी मदत आहे, घरातल्या मारहाणीच्या तक्रारींसाठी तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, आणि तू म्हणशील तेव्हा मी बरोबर येईन. ती सहा महिन्यांनी येईल. येणारही नाही. जखम आणि तारीख लिहून ठेवायची, तिच्या संमतीने, वेगळ्या वहीत.

मुलाच्या बाबतीत मात्र संमतीची वाट बघायची मुभा नाही. लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे, मग तो माणूस देणगीदार असो की आपला दीर. मुलाला पुन्हा पुन्हा विचारून बोलतं करायचं नाही. ते जेवढं बोललं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि 1098 किंवा 112 ला फोन करायचा. स्वयंसेवकांना हे पहिल्याच दिवशी सांगून त्यावर त्यांची सही घ्या. मनाच्या दुखण्यासाठी 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, तो मराठीत बोलतो. पुरुषमाणसं केंद्रात न येता रात्री तिथे फोन करतात, असं त्यांच्या बायका सांगतात.

नववी पायरी: किल्ली

वॉर्डात बावीस खाटा असल्या तरी ड्युटी संपल्यावर आपण ओव्हर देऊन घरी जात होतो. गावात मात्र मी दोन वर्षं कोणालाच ओव्हर दिली नाही. किल्ली माझ्या कमरेला, वही माझ्या पिशवीत, आणि आवाज वॉर्डातला. एका मदतनीस मुलीने रडून येणंच बंद केलं तेव्हा तिच्या आईने मला सांगितलं, "सिस्टर, ती तुमच्या हाताखाली नोकरीक नाय." बरोबर बोलली.

आता किल्ल्या तीन: एक मदतनीस बाईकडे, एक बचत गटाच्या अध्यक्षांकडे, एक कोपऱ्यावरच्या दुकानात. माझ्याकडे नाही. टेबलावर ओव्हरची वही असते. तिच्यात रकाने तीन होते: काय झालं, काय राहिलं, कुणाला कळवलं. लिहिता न येणारी बाई सांगते आणि पोरं लिहितात. अक्षर कसंही चालतं, वेळ मात्र लिहायचीच.

गेल्या श्रावणात मला डेंग्यू झाला आणि अकरा दिवस मी अंथरुणावर होते. बरी झाल्यावर वही वाचली. मंगळवारी चौदा बायका. गुरुवारी बीपी मोजलं नाही, 'सिस्टर नाहीत म्हणून' असं लिहून पुढे खोडलं होतं आणि 'सेल संपले' लिहिलं होतं. खालच्या वाडीतल्या आजोबांचं दार उघडलं नाही, जाऊन बघितलं, ते काल रात्रीच लेकीकडे गेले होते. टीसीएल संपलं, असं दोन वेगवेगळ्या तारखांना दोन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि तरी पिशवी आलेली नव्हती. ग्रामपंचायतीत कोणी जायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. वहीत आता चौथा रकाना आखला आहे: पुढे कोण करणार.